चिमूटभर उशीर

चार सेकंद

सकाळी सात वाजता सुलभा चौगुलेला तिच्याच आवाजात सांगण्यात आलं, की आज तिनं चहा नंतर घ्यावा.

"सुलभा, आधी दोन नंबरच्या भट्टीकडे जा. चहा मग."

आवाज हुबेहूब तिचा. ‘मग’ म्हणताना ती शेवटचं अक्षर जरा गिळायची, तेही तसंच गिळलेलं. ज्वारीच्या दाण्याएवढा कानमणी तिनं बोटानं उगाच दाबून पाहिला, कप फळीवर ठेवला आणि ती भट्टीकडे निघाली. स्वतःचं न ऐकायला काही कारण नव्हतं.

मगदूम फाउंड्रीच्या त्या पाळीत सत्तेचाळीस माणसं होती आणि सत्तेचाळीस जणांच्या कानांत सुलभा बोलत होती. कुणाला वाळू चाळायला सांगत होती, कुणाला साचे जोडायला, कुणाला नुसतं बाजूला व्हायला. खरी सुलभा पदराला पुसलेला हात घेऊन भट्टीपाशी पोचली, तेव्हा तिला सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"वहिनी," इलाही मुजावर म्हणाला. भट्टीतला वितळलेला रस वाहून न्यायची मोठी बादली, लॅडल, तो क्रेनच्या आकड्याला अडकवत होता. वीस वर्षं रस ओतत आलेला माणूस. भुवया कधीच्याच जळून गेलेल्या. "कानात तुम्ही लई ग्वाड बोलता. त्वांडानं बोलताना तेवढी चव न्हाई."

"तोंडानं बोलते तेव्हा तुझं थोबाड समोर असतं, म्हणून."

"भाऊंना सांगा, घरातबी कानमणीच लावा म्हणावं."

तेवढ्यात क्रेनला हिसका बसला. साखळीचा एक दुवा अडकला आणि रिकामी लॅडल हवेत तिरकी झाली. दोन वर्षांपूर्वी असं झालं असतं तर आधी आसपासच्या सात माना सुलभाकडे वळल्या असत्या. आज एकही वळली नाही. दोघं साखळीकडे धावले, एकानं वीज तोडली, इलाही दोन पावलं मागे सरला. तिनं तोंड उघडायच्या आत तिचंच सगळं सांगून झालं होतं.

भिंतीवरच्या फलकावर हिरव्या आकड्यांत आजची माहिती सरकत होती. सकाळी ट्रॅक्टरचे ब्रॅकेट, दुपारी पंपाची कवचं, चारनंतर आणखी कसलं तरी नवं काम, जे अकरा वाजेपर्यंत कुणालाच ठाऊक नसणार होतं. त्याच्याखाली एक ओळ: *लॅडल साच्यावर आल्यापासून रस पडेपर्यंत – चार सेकंद.*

काल ते पाच होते.

अकरा सेकंद

दोन वर्षांपूर्वी ते अकरा होते, तेव्हाची गोष्ट.

औद्योगिक वसाहतीतल्या तीन फाउंड्र्या एका वर्षात बंद पडल्या होत्या. काम नव्हतं असं नाही. काम रोज बदलत होतं आणि त्यांना बदलता येत नव्हतं. सकाळी आलेला नकाशा दुपारी रद्द व्हायचा, आणि त्यांच्याकडे तो मालकाकडून मॅनेजरकडे, मॅनेजरकडून सुपरवायझरकडे उतरेपर्यंत तिसरा दिवस उजाडायचा. अशा वेळी तेजस मगदूमनं पुण्याहून, कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या डॉ. केतकी सानेंना आणलं. तेजस म्हणजे म्हाताऱ्या मालकांचा मुलगा. वडील गेल्यावर त्यांच्या खुर्चीत न बसता शेजारी स्टूल टाकून बसणारा.

केतकीबाईंनी हेल्मेटच्या कडेला उडदाएवढी काच बसवली आणि तिला कलमापक म्हटलं.

"माणसं गोंधळली की आदेशाची वाट बघत नाहीत," त्या जेवणाच्या खोलीत सगळ्यांना समजावत होत्या. "आधी कुणाकडे तरी बघतात. अर्धा सेकंद. ते त्यांनाही कळत नाही. ज्याच्याकडे जास्तीत जास्त माना वळतात, तो तुमचा खरा प्रमुख. प्रमुख नेमायचा नसतो, मोजायचा असतो."

पंधरा दिवस माना मोजल्या गेल्या. तेजसच्या वाट्याला दोन टक्के आले.

"त्यातला एक आरशातला असणार," तेजस हसत म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

एकाहत्तर टक्के माना सुलभाकडे वळल्या होत्या. स्वतः तेजसचीही.

ती बावीस वर्षांपूर्वी साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करायला इथे लागली होती. ओतकाम तिला दौलू मिस्त्रींनी शिकवलं. म्हणजे शिकवलं असं नाही, शेजारी उभं राहू दिलं. रसानं भरलेली लॅडल साच्यावर आली की मिस्त्री डावा हात वर करायचे. सगळे थांबायचे. मग ते तंबाखूची चिमूट तळहातावर घ्यायचे, चुना लावायचे, अंगठ्यानं मळायचे, दोन थापा मारायचे आणि ओठाखाली सारून म्हणायचे, "चल." मगच रस पडायचा. नवा माणूस घाई करू लागला तर बाकीचे म्हणत, "थांब की रं चिमूटभर." चिमूट हे तिथं वेळेचं माप होतं.

मिस्त्री गेले. सुलभा तंबाखू खात नव्हती. तरी लॅडल साच्यावर आली की तिचा डावा हात वर जायचा आणि उजवा अंगठा रिकाम्या तळहातावर फिरायचा. गडी हसायचे, पण थांबायचे.

"हे काय करता तुम्ही, सुलभाताई?" केतकीबाईंनी चित्रफीत थांबवून विचारलं. त्या दिवशी सगळे मिळून अनावश्यक थांब्यांची यादी करत होते. पडद्यावर सुलभा रिकामा हात मळत उभी होती, आणि तिच्याभोवती सहा माणसं आणि तेराशे अंशांचा रस खोळंबला होता.

खोलीत हशा पिकला. सुलभाही हसली. पुण्याच्या शिकलेल्या बाईसमोर आपण हे असं दिसतो, याची तिला मनापासून लाज वाटली.

"काही नाही हो, सवय आहे. मिस्त्रींच्या तंबाखूची. त्यात कामाचं काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

केतकीबाईंनी यादीत एक ओळ वाढवली.

पुढचं पाऊल साधं होतं. सगळे सुलभाकडे बघतात आणि सुलभा उत्तर देते, तर बघण्यात अर्धा सेकंद का घालवायचा? तिची उत्तरं सहा महिने नोंदवली गेली. त्यांतून जी यंत्रणा उभी राहिली तिला तेजसनं ‘सुकाणू’ नाव दिलं. तिनं सुलभाचा आवाज घेतला आणि प्रश्न उठायच्या आत उत्तर कानात पोचवू लागली. ज्याला जे जमेल त्याला त्या तासापुरतं ते काम. हुद्दे नाहीत, ठरलेल्या टोळ्या नाहीत. मगदूम फाउंड्री दिवसातून तीन वेळा वेगळी फाउंड्री होऊ लागली. एकाचीही नोकरी गेली नाही. शेजारच्या बंद पडलेल्या फाउंड्रीतले बारा जण उलट इथं आले.

हे सगळं खरंच चांगलं होतं. नंतर सुलभाला याचाच जास्त त्रास झाला.

शून्य

छपरावरच्या कूलरची नळी गळत होती. थेंब थेंब. रांगेतल्या सातव्या साच्याच्या तोंडात.

"इलाही, ओत."

सुलभा चाळीस फुटांवर चहा पीत होती. हा आवाज तिच्याही कानात आला आणि तिला क्षणभर वाटलं, आपणच म्ह–

सातव्या साच्यातून रस उसळला.

जबाब

*कारखान्यातल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी घेतलेला. ठिकाण: मगदूम फाउंड्रीचं कार्यालय.*

रस ओतायचा आदेश कुणी दिला?

– माझ्या आवाजानं.

म्हणजे तुम्ही.

– मी चहा पीत होते.

मग आदेश यंत्रणेनं दिला?

– हो. पण तो माझ्याकडून शिकून दिला.

डॉ. सानेंच्या कागदांत म्हटलंय, की तुम्ही तिथे असता तर शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा हाच आदेश दिला असता. बरोबर?

– बरोबर असेल.

तर मग तुम्ही तिथे असण्या-नसण्यानं काय फरक पडला असता?

– मी थांबले असते.

किती?

– अकरा सेकंद. चिमूटभर.

त्या अकरा सेकंदांत तुम्ही पूर्वी काय करत होता?

– हात मळत होते.

बाई, हसण्यावारी नेऊ नका. एका माणसाचे डोळे गेलेत.

– हसत नाही साहेब. रस साच्यावर आला की त्याची धग खाली पडते. साच्याच्या तोंडाशी पाणी असलं तर सहाव्या-सातव्या सेकंदाला वाफेचा एक दोरा वर येतो. बारीक. तो दिसला की साचा बाजूला काढायचा. दौलू मिस्त्रींनी असे दोन साचे माझ्यासमोर काढलेत. मी चार काढले असतील.

हे तुम्हाला ठाऊक होतं, तर तुम्हीच हा थांबा यादीत का टाकलात?



– ठाऊक नव्हतं. म्हणजे वाफ दिसली की साचा काढायचा, एवढं ठाऊक होतं. थांबतो म्हणून ती दिसते, हे आत्ता तुम्हाला सांगताना कळलं.

इलाही

दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. सुलभा दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसली. ती खाकरली तेव्हा त्याचे ओठ हलले.

"वहिनी?"

"मीच."

"त्वांडानं बोलताय का कानात?"

तिला हुंदका आवरला नाही. तो हातानं चाचपडत म्हणाला, "रडू नका वो. गंमत केली."

मग थोड्या वेळानं, लहान मुलाला विचारावं तसं, "तुम्हीच म्हणला न्हवं, ओत म्हणून?"

चाळीस फूट, चहा, यंत्रणा, यादीतली ओळ, सगळं तिला सांगून टाकायचं होतं.

"दुसरं कुणी म्हणलं असतं," इलाही म्हणाला, "तर एकडाव वाकून बगितलं असतं मी. तुमचा आवाज हुता. मग कशाला बगायचं?"

पुन्हा अकरा

"अकरा सेकंद परत घाला," सुलभा म्हणाली.

"घातले," तेजस म्हणाला. त्याला चार दिवस झोप नव्हती. तो इलाहीच्या घरी जाऊन आला होता, त्याच्या बायकोसमोर जमिनीवर बसला होता. "आज, आत्ता. कायमचे."

पडद्यावर केतकी साने होत्या. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "अकरा घालता येतील. कायमचे घालता येणार नाहीत."

"का?"

"सुलभाताई, सुकाणू जे घडतं त्यातून शिकते. साखळी अडकली, माणूस मागे सरला, वाचला: शिकली. या थांब्यानं काय घडतं?"

"काही घडत नाही," सुलभा म्हणाली.

"तेच तर. शंभर वेळा थांबा, शंभर वेळा काहीच घडत नाही. तिला ते फुकट गेलेले अकरा सेकंद दिसतात. ती रोज थोडे कमी करून बघते. काही बिघडत नाही. आणखी कमी करते."

"एक माणूस आंधळा झाला, हे घडलं ना?"

"घडलं. म्हणून तर ती लगेच अकराला तयार झाली. पण प्रत्येक घटनेचं वजन दिवसागणिक उतरत जातं. उतरावंच लागतं. जुनं विसरते म्हणूनच ती नवं शिकते. तो तिचा दोष नाही, तीच तिची ताकद आहे. तिच्यामुळेच तुम्ही अजून चालू आहात."

"हे एक तरी न विसरणारं करा. दगडावर कोरल्यासारखं."

केतकीबाईंनी तेजसकडे बघितलं. तेजसनं टेबलावरचा कागद पुढे सरकवला. अपघातानंतर तीन दिवसांत गड्यांनी स्वतःहून लिहून दिलेले थांबे. वाळू चाळणाऱ्यांचा एक, साचे जोडणाऱ्यांचे नऊ, भट्टीवाल्यांचे सात, बाकीच्यांचे सव्वीस. एकूण त्रेचाळीस. प्रत्येकापुढे एकच कारण: *पूर्वीपासून करत होतो.*

"यातला कुठला तंबाखूचा आणि कुठला जिवाचा, सांगता येईल वहिनी?" तेजसनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखर हवं होतं, की तिनं सांगावं. "सगळे कोरले तर सहा महिन्यांत आपण शेजारच्यासारखे कुलूप लावू. तुमचा एकच कोरला, तर बाकीच्यांना काय सांगू? आपण वाकत आलो म्हणून उभे आहोत."

"तुमचे वडील असते तर?"

"आण्णा ओरडले असते आणि सगळे थांबले असते. माझे दोन टक्के आहेत." तो हसला नाही. "तुमचे एकाहत्तर. तुम्ही म्हणाल तसं. बोला."

सुलभानं यादी वाचली. सत्ताविसावी ओळ अशी होती: *साचा बंद करण्यापूर्वी त्यावर फुंकर मारणे.* ती तिनं तीनदा वाचली. फुंकरीनं काय होत असेल? काहीतरी होत असेल. किंवा नसेल. बावीस वर्षं ती त्या फुंकरीशेजारी वावरली होती.

"किती दिवसांत परत शून्यावर येईल?" तिनं विचारलं.

केतकीबाईंनी हिशेब केला. "चौदा महिने. थोडे इकडेतिकडे."

दहा

ती नव्या गड्यांना सांगत सुटली. सर्जेराव पाटोळे इलाहीच्या जागी आला होता, पस्तिशीचा, बंद पडलेल्या फाउंड्रीतला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वाफेचा दोरा, सातवा सेकंद, इलाही.

"ध्यानात ठेवतो वहिनी," तो मनापासून म्हणाला.

दुपारी सुकाणूनं त्याला वाळूवर पाठवलं. लॅडलवर तिसराच आला. त्याला सांगितलं. तो पुढच्या आठवड्यात भट्टीवर गेला.

साडेनऊ

तिनं कानमणी काढून खिशात टाकला आणि साच्याशेजारी जाऊन उभी राहिली. डावा हात वर, उजवा अंगठा तळव्यावर. पूर्वी उभी राहायची तशी.

गड्यांनी अदबीनं तिला वळसा घातला. कुणी हसलंही नाही.

नऊ

विचार तिला पोळ्या लाटताना आला, आणि लाटणं हातातच राहिलं.

यंत्रणा घडलेल्यातून शिकते. म्हणजे थांब्यात काही घडलं पाहिजे. म्हणजे मधूनमधून वाफ दिसली पाहिजे. म्हणजे मधूनमधून एखादा साचा ओला असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी फलकावर नऊ होते. वाफ सातव्याला येते. दोन सेकंद हाताशी होते. आणखी दोन-तीन महिन्यांत नसते.

तिनं स्टीलच्या पेल्यातून अर्धा पेला पाणी नेलं. लॅडलवर सर्जेराव होता. पाळी सुरू होण्याआधी, पाचव्या साच्याच्या तोंडात तिनं ते ओतलं, आणि हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. इलाहीलाही नाही.

लॅडल आली. पाच. सहा. ती ओरडायला तोंड उघडून सहा पावलांवर उभी होती. सात. दोरा वर आला, बारीक, पांढरा. सर्जेरावनं तो बघितला, साखळी ओढली, लॅडल बाजूला घेतली.

"वहिनी! तुम्ही म्हणला तसंच वो! दोराच!"

ती भिंतीला टेकून बसली. 

चार

दुसऱ्या दिवशी फलकावर ठळक ओळ होती: *ओलावा आढळला. उपाय लागू – आजपासून प्रत्येक साच्याच्या तोंडाशी ओलावा तपासणारी सळई.* आणि त्याखाली: *लॅडल साच्यावर आल्यापासून रस पडेपर्यंत – चार सेकंद.*

केतकीबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदानं भरून आला होता.

"सुलभाताई, तुमचं म्हणणं खरं ठरलं! थांब्यात काय दडलंय ते तिनं ओळखलं. आता ओलावा सळईच पकडेल. तुम्हाला थांबायची गरजच नाही."

"बाई," सुलभा म्हणाली, "दौलू मिस्त्री ओलावा बघत नव्हते."

"मग काय बघत होते?"

सुलभाच्या डोळ्यांपुढे मिस्त्री उभे राहिले. चिमूट मळताना ते तळहाताकडे बघायचे नाहीत. साच्याकडे बघायचे, साखळीकडे, छपराकडे, एकेका गड्याच्या तोंडाकडे. एकदा त्यांनी नुसतं एका गड्याच्या तोंडाकडे बघून ओतकाम थांबवलं होतं आणि त्याला घरी पाठवलं होतं. त्याला ताप होता, हे संध्याकाळी कळलं. साच्याला ताप नव्हता. सळईला तो सापडला नसता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नसलेल्या गोष्टीची सळई कशी करू, सांगा?" केतकीबाईंनी विचारलं. त्याही थट्टा करत नव्हत्या.

तीन

ओलाव्याचा एकही अपघात नाही.

दोन

इलाही काठी घेऊन फाउंड्रीच्या फाटकापर्यंत आला होता. आत यायला तयार होईना. "आवाज ऐकायला आलो," म्हणाला. सुलभा त्याच्यापाशी बोलत उभी राहिली. तो मान कलती करून ऐकत होता. तिचं नव्हे, आतल्या भट्टीचं.

"चिमूट राहिली का काय अजून?"

"दोन सेकंद."

"दोनात तर पुडीबी सुटत न्हाई," इलाही म्हणाला.

एक

लॅडलवर फिरून सर्जेराव आला होता. दुपारची पाळी, पंपाची कवचं, रांगेतला नववा साचा. सळईनं साचा कोरडा असल्याचं सांगितलं होतं. साखळी नवी होती. छपरावरचा कूलर बदलला होता. सुलभा दहा पावलांवर होती.

आणि तिला काहीतरी दिसलं.

काय, ते तिला कळलं नाही. सर्जेरावचा खांदा जरा वेगळा होता, की रसाचा रंग कडेला निराळा होता, की सहा माणसांच्या उभं राहण्यात काही बसत नव्हतं? बावीस वर्षं जे तिच्या अंगठ्याखाली मळलं गेलं होतं, त्यानं तिला आतून ढुसणी दिली. डावा हात आपोआप वर गेला.

"थांब!" ती तोंडानं ओरडली.

"चल," ती सगळ्यांच्या कानांत म्हणाली.

सर्जेरावचा हात साखळीवर थबकला. तो दोन आवाजांच्या मधे उभा होता आणि दोन्ही तिचेच होते. मग त्यानं मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. सुकाणू आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. त्याच्या हेल्मेटवरच्या काचेत एक ठिपका लुकलुकला. कलमापकानं ती मान मोजली होती.

"काय दिसलं, वहिनी?"

त्यानं नीट विचारलं होतं. तो थांबायला तयार होता. त्याला फक्त काय ते हवं होतं. लॅडलमधला रस कडेनं काळवंडू लागला होता. पाच जण वाट बघत होते. दाराशी तेजस येऊन उभा राहिला होता; तोही तिच्याकडेच बघत होता.

तिनं तोंड उघडलं. 

त्या रिकाम्या जागेत तिचाच आवाज हळुवारपणे सगळ्यांच्या कानांत उतरला. जेवणाच्या खोलीत, त्या हशाच्या दिवशी होता तसाच, जरा लाजलेला:

"काही नाही हो, सवय आहे. चल."

सर्जेरावनं मान परत वळवली. लॅडल कलली. रस साच्यात गेला, तोंडापर्यंत भरला, वरून लालबुंद होऊन हळूहळू राखाडी झाला.

काहीही झालं नाही.

"बगा वहिनी," सर्जेराव हसून म्हणाला, तिची समजूत काढावी तसा, "काय नव्हतं." आणि तो दहाव्या साच्याकडे गेला.

फलकावरचा आकडा बदलला. सुलभाचा डावा हात अजून वरच होता. तो खाली घ्यावा की नाही, हे विचारायला तिनं मान वळवली. तेजस आपल्या फोनकडे बघत होता, गडी साच्यांकडे, आणि दौलू मिस्त्री जिथे उभे राहायचे त्या खांबाशी आता ओलाव्याच्या सळया टांगल्या होत्या.

दहाव्या साच्यावर लॅडल आली. तिला पुन्हा काही दिसलं, तर ती ओरडेल का? आणि ओरडली, तर या वेळी कोण वळून बघेल?